वाचक विचारतात : रेडिओत कोण कोण भेटलं?

मागच्या अंकात आकाशवाणीतल्या नोकरीबद्दल चार ओळी काय लिहिल्या, संपादकांनी प्रश्नांचा गठ्ठाच आणून पुढ्यात टाकला. निम्म्याहून जास्त प्रश्न एकच आहेत, कोण कोण मोठं माणूस भेटलं ते सांगा. जमतील तेवढी उत्तरं देते. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणी रागावू नका.

ताई, एवढे मोठे गवई समोर येऊन बसायचे, धडधडायचं नाही का? आणि फोटो असतील तर छापा ना! (एक वाचक, सांगली)

फोटो नाहीत हो. तेव्हा मोबाइल नव्हते, आणि ड्युटीवर असताना कोण कॅमेरा घेऊन फिरणार. धडधडायचं म्हणाल तर घड्याळ बघून धडधडायचं, कलाकार बघून नाही, कारण बुवा सावकाश चहा पीत असायचे आणि स्टुडिओ पुढच्या रेकॉर्डिंगला दुसऱ्या कुणाला दिलेला असायचा.

लोकांना वाटतं रेडिओत कलाकार येतात म्हणजे हार, सत्कार, गप्पा. तसं काही नसतं. आधी काँट्रॅक्टवर सही, मग चपला बाहेर, मग ती दोन जाड दारं ओलांडून आत. आत आल्यावर पहिलं भांडण एसीशी. हे कुणी लिहीत नाही म्हणून मुद्दाम सांगते. स्टुडिओ गार ठेवलेला असतो, मशिनांना ते लागतं, आणि बाहेरच्या दमट हवेतून आलेला तानपुरा त्या गारव्यात आला की लावलेला सूर हलतो, तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, तीही चढते-उतरते. मग शिष्य खुंट्या पिळतोय, मणी सरकवतोय, तारेखालचा जवारीचा दोरा मागेपुढे करतोय, तबलजी हातोडीने गट्टे ठोकतोय, बुवा म्हणतात ते यंत्र बंद करा आधी, आणि काचेपलीकडून इंजिनिअर मान हलवून नाही म्हणतोय. शेवटी सगळे वाद्यं घेऊन नुसते बसून राहायचे, तानपुरा खोलीला सरावेपर्यंत. खऱ्या गप्पा व्हायच्या त्या ह्याच वेळात.

एक ज्येष्ठ गायक होते, नाव सांगत नाही, तान घेताना त्यांची मान उजवीकडे वळायची आणि आवाज माइकवरून निघून जायचा. आता एवढ्या मोठ्या माणसाला मान सरळ ठेवा म्हणून कोण सांगणार? मी इंजिनिअरकडे बघितलं, इंजिनिअरने माझ्याकडे. मग तो गुपचूप आत गेला आणि माइकच उचलून मान वळायची त्या बाजूला थोडा सरकवून आला. बुवांना कळलं असणार, कारण जाताना त्यांनी मला नाही, त्याला नमस्कार केला.

रेडिओमुळे तुम्हाला प्रसिद्ध कलाकार भेटले हे तुमचं भाग्यच. पण ते मुळात रेडिओवर का यायचे, पैसे तर फार नव्हते ना? (नाशिकहून एक काका)

काका, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण ह्यातली अर्धी गोष्ट लोक विसरलेत. त्यातले कितीतरी जण ‘यायचे’ नाहीत, ते तिथेच नोकरीला होते! संस्थानं गेली, दरबार गेले, मग गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला महिन्याच्या महिन्याला पगार देणारं होतं कोण? रेडिओ.

नावंच बघा ना. पंडित रविशंकर 1949 ते 1956 दिल्ली केंद्रावर संगीत दिग्दर्शक होते, तिथला वाद्यवृंद त्यांनी सांभाळला. हरिप्रसाद चौरसिया 1957 ला कटक केंद्रावर लागले, मग बदली होऊन मुंबईला आले आणि तिथून पुढे फिल्मी रेकॉर्डिंगच्या दुनियेत गेले, म्हणजे बघा, त्यांना मुंबईत आणलं ते एका सरकारी बदलीने. भीमसेन जोशी तरुणपणी लखनौ रेडिओवर होते. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाड केंद्राचे संगीत सल्लागार. आपल्याकडे यशवंत देव मुंबईला, राम फाटक पुण्याला. ही सगळी माणसं कुणाची तरी सहकारी होती, त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणारे क्लार्क होते, बिलं काढणारे होते.

आणि मदन मोहन! हे फार कमी लोकांना माहीत असतं. सिनेमात यायच्या आधी 1946 च्या सुमारास ते लखनौ केंद्रावर प्रोग्रॅम असिस्टंट होते, आणि तिथे त्यांना भेटले कोण, तर उस्ताद फैयाज खाँ, अली अकबर खाँ, बेगम अख्तर, तलत महमूद. प्रोग्रॅम असिस्टंटचं काम म्हणजे काय तर कलाकाराची वेळ लावायची, कागद करायचे, स्टुडिओ मोकळा आहे का बघायचं. पण ते करता करता रोज कानावर काय पडत असेल! पुढे त्यांनी ज्या गझला केल्या त्याचं मूळ मला तरी त्या नोकरीत दिसतं. कुणी संगीताचा अभ्यासक माझ्याशी भांडायला येईल, येऊ दे.

म्हणून कुणी मला ‘किती मोठ्या लोकांना भेटलात’ म्हणालं की मला जरा अवघडल्यासारखं होतं. आम्ही भेटलो नाही, आम्ही एकाच ठिकाणी कामाला होतो, ते गायचे आणि आम्ही त्यांच्या वेळा सांभाळायचो.

गीतरामायण रेडिओवर लता मंगेशकरांनी पण गायलं होतं असं सासूबाई म्हणतात. मला तर सगळं बाबूजींच्याच, म्हणजे सुधीर फडक्यांच्याच आवाजात आठवतं. (पुण्यातून एक वाचक)

सासूबाई बरोबर आहेत, त्यांना लगेच सांगून टाका. 1 एप्रिल 1955, रामनवमीला पुणे केंद्रावरून सुरू झालं, 56 गाणी, वर्षभर चाललं. केंद्र तेव्हा नवंच होतं, 1953 ला सुरू झालेलं, आणि सीताकांत लाड हे केंद्राचे अधिकारी गदिमांचे मित्र, त्यांनी हे घडवून आणलं. रेडिओवर प्रत्येक पात्राला वेगळा आवाज होता, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, बबनराव नावडीकर, राम फाटक, ललिता फडके, आणि लताबाईसुद्धा. नंतर बाबूजींनी गावोगाव एकट्याने कार्यक्रम केले आणि तेच घराघरात राहिलं, त्यामुळे तुमची आठवण पण खोटी नाही.

मला ह्यात नवल वाटतं ते आठवड्याच्या चक्राचं. दर आठवड्याला नवीन गीत, नवीन चाल, गायक बोलवायचा, तालीम, वादक जमवायचे, आणि शुक्रवारी सकाळी ते हवेत जायलाच हवं. आज एका वेबसीरिजच्या टायटल साँगला सहा महिने घेतात.

सकाळी रेडिओ सुरू होताना जी धून लागायची ती कुणाची? (बऱ्याच जणांचा प्रश्न)

वॉल्टर कॉफमन नावाच्या संगीतकाराची. आजच्या चेक देशातल्या कार्ल्सबादचा ज्यू माणूस, नाझींच्या काळात युरोप सोडून 1934 ला मुंबईत आला आणि पुढे मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. ती धून शिवरंजनी रागाच्या सुरांवर आहे, खाली तानपुरा, वर व्हायोलिन, आणि ते व्हायोलिन मेहली मेहतांचं, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील, असं रेडिओतले जुने लोक सांगत आलेत. निर्वासित होऊन आलेल्या माणसाची धून ऐकत आपण पिढ्यान्‌पिढ्या दात घासले.

माझे आजोबा पेटी वाजवायचे. ते म्हणायचे रेडिओने पेटीलाच बंदी घातली होती. खरंच? (कोल्हापूर)

शंभर टक्के खरं. 1940 ला बंदी आली आणि 1971 पर्यंत चालली, नंतर हळूहळू सूट मिळत गेली. म्हणणं असं की पेटीचे सूर ठरलेले, तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, आपल्या श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, त्यात बसत नाहीत. टागोरांना पण पेटी आवडायची नाही. मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, पण म्हणून तीस वर्षं? तोवर पेटी कीर्तनात, नाटकात, घरोघरी होतीच की, फक्त रेडिओच्या दारात ती परकी. साथीला सारंगी असायची, त्यामुळे सारंगियांना कामं मिळाली हेही खरं. गंमत म्हणजे पुलं, जे इतकी सुंदर पेटी वाजवायचे, ते ह्याच काळात आकाशवाणीत नोकरीला होते!

आणि 1952 ला माहिती खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी, त्यांनी तर फिल्मी गाणी पण जवळजवळ बंद केली. लोकांनी काय केलं, सुई फिरवली आणि फिल्मी गाणी वाजवणारं रेडिओ सिलोन लावलं. मग 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती काढावी लागली. केसकरांना सगळे शिव्या देतात, पण शनिवार रात्रीची संगीताची राष्ट्रीय सभा त्यांच्याच काळातली, ती ऐकून गाणं शिकलेले लोक मी बघितलेत.

सगळ्यात जास्त नखरे कुणाचे होते? नाव घेऊनच सांगा! (ठाणे)

नाही सांगणार. एवढं सांगते की ते गाणारे नव्हते, सोबत आलेले होते.

मुलगी एफएमला आरजे आहे, पुढच्या महिन्यात एका मोठ्या गायिकेची मुलाखत घ्यायची आहे. खूप टेन्शन आलंय तिला. काही टिप्स? (संभाजीनगरहून एक आई)

तिला सांगा, ‘आपला प्रवास कसा सुरू झाला’ हा प्रश्न कागदावरून आत्ताच खोडून टाक. तो त्यांनी इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर आपोआप सुरू होतं, कॅसेट लावल्यासारखं. त्याऐवजी त्यांचं एखादं जुनं, कमी वाजलेलं रेकॉर्डिंग नीट ऐकून जायचं आणि त्यातल्या एकाच जागेबद्दल विचारायचं, ह्या अंतऱ्याला तुम्ही असं का वळलात म्हणून. तयारी केलेला माणूस कलाकाराला लगेच कळतो, मग पाठ टेकून बसलेल्या बाई पुढे सरकून बोलायला लागतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

कामाबद्दल विचारायला सांगा. तानपुरा कुणाकडून लावून घेता, मिरजेचा का, प्रवासात भोपळा कसा सांभाळता, गाण्याआधी काय खाता, काय नाही. साध्या वस्तूंवरून लोक मोकळे होतात. गुरूंबद्दल विचारायचं तर नावाच्या आधी पंडित, उस्ताद, बुवा, ताई, माई जे असेल ते आधी शिष्यांना विचारून ठेवायचं, तिथे चुकलं की पुढचा अर्धा तास गार.

आणि त्या गप्प बसल्या तर हिने लगेच बोलायचं नाही. आजकालच्या मुलांना दोन सेकंद शांतता सहन होत नाही, मध्येच ‘वॉव मॅम’ करतात. आमच्या वेळी नको ती शांतता नंतर ब्लेडने टेप कापून जोडून काढायचो, आता तर माउसने निघते. तेव्हा थांबू दे बिनधास्त.

जुनी रेकॉर्डिंग आता कुठे ऐकायला मिळतील? (बेळगाव, आणि अमेरिकेतून दोघं)

प्रसार भारती अर्काइव्हजचं यूट्यूब चॅनल आहे, तिथे बरंच टाकलंय. न्यूजऑनएअर ॲपवर विविध भारती आणि बाकीची केंद्रं लाइव्ह लागतात. नुसतं शास्त्रीय हवं असेल तर त्यातच ‘रागम’ नावाची वाहिनी आहे, 2016 पासून चोवीस तास चालू आहे. अमेरिकेतल्यांनी वेळेचं गणित करून लावा, नाहीतर तुमच्या सकाळच्या चहाला इथला रात्रीचा मालकंस येईल.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवा, पण कुणाचा फोन नंबर मागू नका, ह्यावेळी पाच जणांनी मागितलाय.