सासूबाई येणार, मग २१ जूनचं काय?

प्रश्न : मावशी, मी इंग्लंडमध्ये बाथजवळ राहते. काही वर्षांपासून विक्का हा निसर्गपूजक पंथ पाळते, म्हणजे मी विच आहे. उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाची पहाट आम्ही मैत्रिणी स्टोनहेंजला, तिथल्या प्राचीन दगडी वर्तुळापाशी, साजरी करतो. यंदा सासूबाई सांगलीहून जूनमध्येच येताहेत. नवरा म्हणतो, "आईला ऑफिसची सहल म्हणून सांग." मला खोटं बोलायचं नाही. सरळ सगळं सांगून टाकू का? त्यांना झोप लागत नाही, म्हणून त्या दिवशी खुडलेल्या सेंट जॉन्स वर्टचा चहाही त्यांना द्यायचा आहे.
— इरा (नाव बदललं आहे)

उत्तर : इरा, आधी चहाचं. तो अजिबात देऊ नकोस. सासूबाई रोज कुठल्या गोळ्या घेतात, ते तू लिहिलेलं नाहीस. ही वनस्पती रक्त पातळ करणाऱ्या आणि हृदयाच्या काही औषधांचा परिणाम कमी करते. नैराश्यावरच्या गोळ्यांशी तर ती धोकादायक ठरू शकते. तू स्वतः गर्भनिरोधक गोळ्या घेत असशील, तर तुलाही हा चहा नको. फुलं खुशाल फुलदाणीत ठेव.

आता सहलीचं. कुठल्या ऑफिसची सहल रात्री दोनला निघते गं? सासूबाईंना पहिल्या दिवशीच संशय येईल. तेव्हा खरंच सांग, पण सुरुवात 'मी विच आहे' इथून नको. आपल्याकडे डाकीण ठरवून बायकांना मारलंय, गावाबाहेर काढलंय. जादूटोण्याविरुद्ध २०१३ साली कायदा करावा लागला, तोही दाभोलकरांचा खून झाल्यावर. सासूबाई घाबरल्या तर त्याला अडाणीपणा म्हणू नकोस. त्यांना तुझीच काळजी वाटेल.

तू काय करतेस, ते सांग. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, उगवत्या सूर्याला फुलं, मैत्रिणींबरोबर गाणी. दक्षिणायन त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. गोव्यात २४ जूनला डोक्यावर फुलांचा कोपेल घालून लोक विहिरीत उड्या मारतात, ते सांजांव, म्हणजे संत जॉनचा सण, त्यांनी टीव्हीवर तरी पाहिलं असेल. त्याच संत जॉनच्या सणाला युरोपात रात्री मोठाल्या होळ्या पेटतात, हेही सांग. गप्पांना विषय मिळेल.

फक्त 'हजारो वर्षांची परंपरा' म्हणून पटवायला जाऊ नकोस. स्टोनहेंजचे मोठे दगड साडेचार हजार वर्षांपूर्वीचे, हे खरं. विक्का मात्र जेराल्ड गार्डनर या इंग्रजाने उघडपणे मांडला तो इंग्लंडमधला १७३५चा जादूटोण्याचा कायदा १९५१ साली रद्द झाल्यानंतर. या सणाला तुम्ही 'लिथा' म्हणता, तेही १९७०च्या दशकापासून. मंत्रतंत्रावर माझा काडीचाही विश्वास नाही, पण पंथ नवा आहे म्हणून तो खोटा ठरतो, असं मला वाटत नाही.

त्यांना बरोबर न्यायचा मोह होईल. त्यांनी आपणहून विचारलं तरच ने, आणि कसं असतं ते आधी सांग. त्या रात्री आत जायला तिकीट नसतं, पण हजारोंची गर्दी असते. शेकोटी पेटवता येत नाही. ओल्या गवतावर कुडकुडत पाचच्या आत उगवणाऱ्या सूर्याची वाट पाहायची आणि ढग असले तर काहीच दिसायचं नाही. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील, तर घरामागच्या बागेतला सूर्य काही वेगळा नसतो.

पुढे कधीतरी त्या विचारतीलच, "म्हणजे तुझा धर्म तरी कुठला?" तेव्हा 'विच' हा शब्द न चुकवता सगळं सांग. त्या वेळी नवरा घरात असू दे. तुझ्या पत्रात मला खटकला तो तोच. सासूबाई यायच्या आधी त्याला एकदा समोर बसवून विचार, की लाज त्याला आईची वाटतेय की तुझी. तो काय म्हणतो ते मला कळव, मग पुढचं बोलू.