नगरसेवक नव्हते तरी शहर चाललंच की!

मागच्या अंकात नाशिक महापालिकेच्या निवडणुकीवर लिहिलं आणि प्रश्नांचा नुसता ढीग आला, सगळे काही घेता येणार नाहीत. नवीन वाचकांसाठी सांगते, मी पंचवटीतून 2012 आणि 2017 अशा दोन टर्म नगरसेविका होते. यंदा उभी राहिले नाही, त्यामुळे जरा मोकळं बोलता येतं.

प्रश्न: ताई, मार्च 2022 नंतर जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते. नळाला पाणी आलं, घंटागाडी आली. मग 122 जण निवडून द्यायचे कशाला? (निवृत्त बँक कर्मचारी, इंदिरानगर)

काका, टोचलं पण बरोबर विचारलंत. चाललं शहर, खोटं कशाला बोलू. घंटागाडीला नगरसेवक लागत नाही, ड्रायव्हर आणि डिझेल लागतं. पण एरवी कसं असतं बघा, प्रस्ताव आयुक्तांकडून येतो, खर्चाचा विषय 16 जणांच्या स्थायी समितीत जातो, धोरणाचा किंवा कराचा असेल तर महासभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत. नगरसेवक नव्हते त्या काळात कारभार प्रशासकाकडे, आणि आयुक्तच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव मांडणार तेच, स्थायी तेच आणि महासभा पण तेच. माणूस कितीही सरळ असू दे, स्वतःलाच उभं राहून "हे कशासाठी?" असं कोण विचारतं हो?

2018 आठवा. घरपट्टीचे दर वाढले, मोकळ्या जागांवरही आले, मळ्यातले शेतकरी रस्त्यावर उतरले. आयुक्तांवर अविश्वास ठराव आणायचं ठरलं, नंतर तो मागेही घेतला गेला. कोण बरोबर कोण चूक यावर नाशिककर अजून चहाच्या टपरीवर भांडतात, भांडू देत, पण तेव्हा भांडायला राजीव गांधी भवनात एक सभागृह होतं आणि कोण काय बोललं ते इतिवृत्तात लिहिलं जात होतं.

आता आमचंही सांगते, आम्ही काही धुतल्या तांदळाचे नव्हतो. महासभेच्या शेवटी "जादा विषय" नावाचा प्रकार यायचा. संध्याकाळ झालेली, सगळ्यांना घरी जायची घाई, विषय भराभर वाचायचे आणि "मंजूर, मंजूर". एकदा दोन महिन्यांनी इतिवृत्त वाचताना एक विषय दिसला, म्हटलं हा कधी झाला? तर मी हजर होते, बाकावरच बसले होते. म्हणून काका, 122 कशाला हे विचारताय ना, त्यापेक्षा तुमच्या प्रभागातल्या चौघा नगरसेवकांना विचारा की मागच्या सभेत तुम्ही कोणत्या विषयावर बोललात. एवढंच. उत्तर ऐकण्यासारखं असतं.

प्रश्न: आमच्या गल्लीत ड्रेनेज सारखं चोकअप होतं. तक्रार केली की गाडी येते, पंधरा दिवसांनी परत तेच. नगरसेवक फोन उचलतात, "सांगतो" म्हणतात. काय करू? (गृहिणी, सातपूर)

मावशी, फोन उचलतात हेच खूप समजा. गंमत सोडा, पण तुमची मागणी चुकतेय असं मला वाटतं. आमच्याकडे पण अशीच एक गल्ली होती, मी सकाळी सात वाजता जाऊन चेंबर उघडायला लावलं, पदर नाकाला लावून वाकून बघितलं तर पाणी वर आलेलं आणि लाईन केवढी, तर सहा इंची. टाकली तेव्हा गल्लीत अकरा बैठी घरं होती, आता त्याच जागेवर चार बिल्डिंगा, प्रत्येकीत डझनावारी फ्लॅट, मग ती लाईन काय करणार बिचारी? जेटिंगची गाडी, म्हणजे जोराच्या पाण्याने लाईन धुणारी, आणून नुसती साफ करत बसलात तर ती दर महिन्याला येत राहणार, आणि तक्रार मात्र दर वेळी "निकाली".

म्हणून अर्जात "साफ करा" लिहू नका, "लाईन बदला, प्राकलन (म्हणजे खर्चाचा अंदाज) करा" असं लिहा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. मग नगरसेवकाला फोन करून "झालं का?" विचारायचं नाही. विचारायचं, प्राकलन झालं का, कोणत्या लेखाशीर्षावर, म्हणजे बजेटातल्या कोणत्या हेडवर धरलं, तिथे पैसे शिल्लक आहेत का. कारण खरी मेख तिथेच असते. अंदाजपत्रकात काम छापलेलं दिसतं आणि त्या हेडवरचे पैसे मागच्या वर्षीच्या बिलांतच संपलेले असतात. मी पहिल्या वर्षी अंदाजपत्रकाच्या पुस्तकात माझ्या प्रभागातली कामं बघून पेढे वाटले होते. त्यातली निम्मीसुद्धा झाली नाहीत, पेढ्यांचे पैसे घरचे गेले ते वेगळंच.

प्रश्न: जानेवारीत चार मतं दिली. आता माझा नगरसेवक नक्की कोण? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. (आयटीतला तरुण, गंगापूर रोड)

कायद्याने चौघंही तुझेच. जागांना अ, ब, क, ड म्हणतात ते फक्त आरक्षणासाठी, प्रभागाची वाटणी नाही ती. पण आतून वाटणी करतातच, ही कॉलनी तुझी ती वस्ती माझी, आणि मधल्या रस्त्याला वाली कोण नसतो. 2007 ला एकाचा वॉर्ड होता, 2012 ला दोघांचा झाला, 2017 पासून बहुतेक ठिकाणी चौघांचा. मी दोनचा आणि चारचा दोन्ही केलाय आणि मला विचारशील तर एकाचाच बरा, शिव्या तरी नेमक्या माणसाला बसतात. तोपर्यंत पत्र लिहिताना चौघांची नावं एकाच पत्रावर टाक आणि चौघांना दे. एकाला दुसऱ्याचं नाव दिसलं की काम हलतं, अनुभव आहे.

प्रश्न: आमच्याकडे बाई निवडून आल्यात पण सगळा कारभार त्यांचे मिस्टर बघतात. हे चालतं का? (नाशिकरोड)

चालत नाही, पण चालतं. निम्म्या जागा बायकांना, म्हणजे 122 मध्ये 61, आणि तरी ऑफिसात गेलं की पहिला प्रश्न "साहेब नाही आले?" माझ्या पहिल्या वर्षी रस्त्याची पाहणी होती. एका अभियंत्याने नकाशा उघडला तो थेट आमच्या ह्यांच्यासमोर, ते आपले मला गाडीने सोडायला आलेले. हे म्हणाले, "चष्मा घरी राहिलाय, तिलाच दाखवा." चष्मा खिशात होता! त्या दिवसापासून ते गाडीतच बसायचे. सगळ्यांना असे नवरे मिळत नाहीत हेही खरं. तुम्ही एक करा, मिस्टरांना फोनच लावू नका, बाईंना लावा. पहिले चार वेळा तेच उचलतील, पाचव्यांदा देतील.

प्रश्न: द्वारका चौकातली कोंडी महापालिका का सोडवत नाही? (रिक्षाचालक)

दादा, तिथे मुंबई-आग्रा हायवे आणि पुणे रोड एकमेकांना भिडतात, त्यामुळे हायवे प्राधिकरण, ट्रॅफिक पोलीस आणि पालिका असे तिघं मालक. नगरसेवक तिथे फार तर बैठक लावू शकतो, सिग्नलचा खांबसुद्धा एकटा हलवू शकत नाही. निवडणुकीत कुणी "द्वारका सोडवतो" म्हणालं असेल तर त्यांना विचारा, तिघांपैकी कोणाकडून?

प्रश्न: बाकड्यांवर नगरसेवकांची नावं कशाला? पैसा तर आमचा. (कॉलेज विद्यार्थिनी)

हो गं, पैसा तुमचाच. आमच्या कॉलनीच्या बागेत माझ्याही नावाचं एक आहे, "यांच्या प्रयत्नातून" असं लिहिलेलं, तेव्हा फार छान वाटलं होतं. आचारसंहिता लागली की माणसं येऊन नावावर कागद चिकटवून जातात. यावेळी चिकटवलेला अजून निघालेला नाही, मीही कुणाला काढायला सांगितलं नाहीये.