ठाण्यात राहून सर्फिंगमध्ये कारकीर्द घडवता येईल का?

कळव्यात राहणाऱ्या आपल्या मुलीला पोहणे उत्तम येते, तिला आता सर्फिंगच करायचे आहे आणि भारतात एखाद्या स्त्रीने यावर चरितार्थ चालवला आहे का, असे आपण विचारले आहे. चालवला आहे; तो कसा, हे इशिता मालवीय यांच्या वाटचालीतून समजते.

भारताच्या पहिल्या व्यावसायिक महिला सर्फर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इशिता मूळच्या मुंबईच्या. २००७ मध्ये कर्नाटकातील मणिपालला शिकत असताना त्या आणि त्यांचे जोडीदार तुषार पाथियान कर्नाटकच्याच किनाऱ्यावरील मुल्कीच्या आश्रमातील सर्फिंग करणाऱ्या साधकांपर्यंत पोहोचले. सुरुवातीला दोघांत एकच बोर्ड होता व तो ते आळीपाळीने वापरत. पुढे सुवर्णा नदी समुद्राला मिळते त्या कोडी बेंगरे गावी त्यांनी शाका सर्फ क्लब उभा केला, बाहेरून येणाऱ्यांना शिकवले आणि गावातील मच्छीमारांच्या मुलांनाही पाण्यात उतरवले. सर्फिंगचे कपडे बनवणाऱ्या रॉक्सी कंपनीचे प्रायोजकत्व आणि २०१९ मध्ये फोर्ब्स मासिकाच्या आशियातील तिशीखालील कर्तबगारांच्या यादीत स्थान, हे सारे नंतरचे.

मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, बक्षिसांच्या रकमेवर जगता येईल अशी सोयच नसताना त्यांनी शिकवण्याचा व्यवसाय स्वतः उभा केला. अमेरिकेच्या सर्फर मार्गो ओबर्ग यांनी १९६८ मध्ये पोर्तो रिको येथे पंधराव्या वर्षी जागतिक विजेतेपद मिळवले आणि १९७७, १९८० व १९८१ मध्ये व्यावसायिक विश्वविजेतेपदे जिंकली, तरी त्यांनीही हवाईतील काउआई बेटावर सर्फिंगची शाळा चालवली. जागतिक व्यावसायिक मालिकेत स्त्री-पुरुषांना समान बक्षीस मिळू लागले ते थेट २०१९ पासून.

आपल्या ठाण्याच्या खाडीत भरती-ओहोटी जोरात असली, तरी आत गाळ आणि कांदळवन असल्याने सर्फिंगजोगी लाट उठत नाही, त्यामुळे शिकायला बाहेर जावेच लागेल. तोवर तरणतलावात तिला दमसास वाढवू द्या. कारण बोर्डवर पालथे पडून, छाती उचलून, दोन्ही हातांनी पाणी मागे सारत लाटेच्या पुढे राहणे हेच निम्मे कौशल्य आहे आणि नवशिक्यांचे खांदे तिथेच भरून येतात. पावसाळ्यात अरबी समुद्रावर मुळीच पाठवू नका. ऑक्टोबरनंतर मुल्की किंवा कोडी बेंगरे येथे आठवडाभर ठेवा आणि पहिले दिवस किनाऱ्यालगतच्या फेसाळ लाटांतच, मऊ बोर्डवर, बोर्डची दोरी पायाला बांधूनच तिला शिकू द्या.