लाइट गेली, आता आधी काय लावायचं?

अमळनेरहून एका वाचकाने विचारलंय : 2 केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेतला. फ्रीज, कूलर, चार पंखे, टीव्ही आणि टाकीवर पाणी चढवायची अर्ध्या एचपीची मोटर आहे. मोटर लावली की जनरेटर ट्रिप होतो. परत करू का?

भाऊ, परत करू नका, त्यात बिघाड नाही. 2 केव्हीए म्हणजे 0.8 पॉवर फॅक्टर (प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) धरून 1600 वॅट. पंखे 300, कूलर 200, फ्रीज 150, टीव्ही-दिवे 150, मोटर 550 ते 600. बेरीज 1400 च्या आत, म्हणजे कागदावर सगळं बसतं. पण मोटर सुरू होताना क्षणभर तिप्पट-चौपट करंट ओढते आणि फ्रीजचा कॉम्प्रेसर त्याहून जास्त. तो पहिला झटकाच जनरेटरला झेपत नाही.

म्हणून आधी सगळं बंद करून एकटी मोटर लावा. टाकी भरली की ती बंद. मग फ्रीज, मिनिटभर थांबून कूलर, शेवटी पंखे आणि दिवे. हा झाला सुरू करायचा क्रम. कशाला जास्त महत्त्व द्यायचं, तो क्रम वेगळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, तेव्हा मी पाणी, कूलर, फ्रीज असंच सांगेन. घरात तान्हं लेकरू किंवा म्हातारं माणूस असेल तर दूध नासलं तरी चालेल, कूलर थांबता कामा नये. आणि टाकीत पाणी नसेल तर कूलर नुसती झळ फेकतो, म्हणून पाणी त्याच्याही आधी. पावसाळ्यात मात्र दमट हवेत कूलरचा फारसा उपयोग नाही, तेव्हा पंख्यावर भागवा आणि फ्रीजला वर घ्या.

फ्रीज सतत चालवायची गरज नसते. दार उघडलं नाही तर तीन-चार तास गारवा टिकतो, उन्हाळ्यात थोडा कमी. दर तीन तासांनी तासभर चालवला तरी पुरे.

भुसावळला एका घरी मी फ्रीजच्या मागे कान लावून उभा होतो. घूंऽऽ असा दबका आवाज, मग टक्, मग शांतता. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा तेच. मोटर आणि मिक्सर एकदम चालू असल्याने व्होल्टेज 170 पर्यंत पडत होतं. कॉम्प्रेसर उठू बघायचा आणि ओव्हरलोड, म्हणजे जास्त करंट आला की आपोआप बंद करणारा स्विच, त्याला तोडायचा. हे असंच चालू राहिलं तर वाइंडिंग जळते. हा आवाज आला की फ्रीज बंद करा, पाच मिनिटं थांबा, बाकीचा लोड काढा, मगच परत लावा.

धुळ्याहून : याच क्षमतेवर दीड टनाचा एसी किंवा गिझर चालेल का?

नाही. दोन्ही एकेकटेच सगळी ताकद खातात. इस्त्रीही लाइट आल्यावरच करा.

रावेरहून एका ताईंनी विचारलंय : वडिलांना रात्रभर ऑक्सिजनचं मशीन लागतं, आईचं इन्शुलिन फ्रीजमध्ये असतं. आधी कोणतं?

ताई, आधी वडिलांचं मशीन, त्यात विचार करायला जागाच नाही. 5 लिटरचं मशीन साधारण 350 वॅट घेतं. पण लाइट गेल्यापासून कोणीतरी उठून जनरेटर ओढेपर्यंतची पाच-दहा मिनिटं मोलाची असतात. रेग्युलेटर लावलेला ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर खाटेशेजारी ठेवा, देवघराच्या दिव्यापासून आणि चुलीपासून लांब. मशीनसाठी प्युअर साइन वेव्ह (घरच्या लाइटसारखी वीज देणारा) इन्व्हर्टर बसवा. 150 एएचची चांगली बॅटरी तीनेक तास तरेल, तेवढ्यात जनरेटर सुरू करता येतो.

इन्शुलिनची घाई नाही. दार बंद असेल तर चार तास काही होत नाही. लाइट त्याहून लांबली तर कुप्या कोरड्या डब्यात घालून ओलं फडकं गुंडाळलेल्या माठात ठेवा. बर्फाला मात्र टेकवू नका, गोठलेलं इन्शुलिन वापरायचं नसतं.

शिरपूरहून : वायरमनने दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून दिली. जनरेटरमधून भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचली की सगळं घर चालतं. मेन स्विच आठवणीने बंद करतो. ठीक आहे ना?

ती वायर आजच तोडून टाका. मेन बंद करायला एकदा विसरलात तर तुमची वीज उलटी खांबावर जाते, आणि डीपीतला ट्रान्सफॉर्मर 230 चे 11,000 व्होल्ट करतो. त्या वेळी वर लाइनमन असतो. तो तुमचीच लाइट जोडायला चढलेला असतो. शिवाय पिन सॉकेटमधून निसटली तर तिची उघडी टोकं जिवंत असतात आणि पोरं घरात खेळत असतात. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच (एका वेळी मेन लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवून घ्या, सोबत अर्थिंगही. जनरेटर विकत घेण्याआधीचा खर्च हाच.

चोपड्याहून : चोरीच्या भीतीने रात्री जनरेटर जिन्याखाली ठेवून चालवतो. दार उघडं असतं.

दार उघडं असून भागत नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. जनरेटर अंगणात, दार-खिडक्यांपासून वीसेक फूट लांब, पत्र्याच्या आडोशाखाली पण चारी बाजूंनी मोकळा ठेवा. लोखंडी कडी सिमेंटमध्ये पुरून साखळीने बांधा. पेट्रोल भरायचं तर बंद करून, इंजिन निवल्यावर. आज रात्रीपासूनच तो बाहेर काढा.