पेशंट पडला तेव्हा मी सलाईन बदलत होते : हे इंग्रजीत लिहिताना

ताई, तुमचं वाक्य वाचलं आणि पोटात गोळा आला. परळला नाइट ड्यूटी, पेशंट पलंगावरून पडला, तुम्ही शेजारच्या खाटेवर सलाईन बदलत होतात. रिपोर्टमध्ये लिहिलंत, ‘व्हेन द पेशंट फेल, दॅट टाइम आय चेंज्ड द सलाइन.’ रिपोर्ट तिसऱ्यांदा परत आला आणि मेट्रनबाई विचारतायत, पेशंट पडल्यावर तुम्ही त्याला उचलायचं सोडून सलाईन बदलत बसलात का? तुम्ही म्हणता, व्हेन म्हणजे जेव्हा, दॅट टाइम म्हणजे तेव्हा, मग चुकलं कुठे?

चूक व्हेनमध्ये नाही. ती ‘चेंज्ड’मध्ये आहे. हे मी ठामपणे सांगतो, कारण हीच चूक मला ६२ हजारांना पडली.

मी इंग्रजीचा शिक्षक नाही आणि वकीलही नाही. वडाळ्याला माझा कॅटरिंगचा छोटा धंदा आहे. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये दादरची ऑर्डर पोचवून परत येताना किंग्ज सर्कलला पाणी भरलं. मी व्हॅन हळूहळू काढत होतो. बघता बघता पाणी वाढलं, आत शिरलं आणि इंजिन बंद पडलं. त्यानंतर मी चावीला हातसुद्धा लावला नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. बुडालेली गाडी चालू करायची नाही, हे तेव्हापासून मुंबईत गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. दोन मुलांच्या मदतीने व्हॅन कडेला ढकलली आणि टोइंगवाल्याची वाट पाहत बसलो.

विम्याच्या क्लेमसाठी घटना इंग्रजीतच लिहून द्या, असं खिडकीवर सांगितलं. मराठीत देतो म्हटलं तर फॉर्म परत सरकवला. मनात वाक्य स्वच्छ होतं : पाणी शिरलं तेव्हा मी गाडी चालवत होतो. कागदावर उतरलं, ‘व्हेन द वॉटर केम इन, आय ड्रोव्ह द व्हॅन.’

इंग्रजी वाचणाऱ्याला याचा अर्थ लागतो : पाणी शिरलं आणि मग मी गाडी चालवली. व्हेनच्या दोन्ही बाजूंना साधा भूतकाळ आला की तो बहुतेक वेळा दोन घटना एकामागून एक लावतो. आधी हे, लगेच ते. ‘व्हेन द बेल रँग, द चिल्ड्रन रॅन आउट.’ घंटा झाली, मुलं पळाली. घंटा होत असताना मुलं आधीपासूनच पळत होती, असं कोणी समजत नाही. मराठीतही ‘पाणी शिरलं तेव्हा मी गाडी चालवली’ म्हटलं तर तोच अर्थ निघेल. ‘चालवत होतो’ आणि ‘चालवली’ यांतला फरक आपल्या भाषेत आहेच, आपण तो रोज अचूक करतो. इंग्रजीत गेल्यावर मात्र आपण तो टाकून देतो.

का टाकतो, यावर माझं स्पष्ट मत आहे. आपण बोलताना ‘आय वॉज नोइंग’, ‘आय वॉज हॅविंग अ स्कूटर’ असं म्हणतो आणि त्यावरून ओरडा खातो. तो ओरडा योग्य आहे, कारण माहीत असणं, मालकीचं असणं ही स्थिती आहे, तिथे आयएनजी लागत नाही. पण मी ज्या क्लासला गेलो, तिथे एवढंच सांगायचं सोडून ‘ऑफिसच्या कागदात वॉज-आयएनजी नकोच, साधा पास्ट लिहा, तोच शोभतो’ असं शिकवलं. मी तो नियम जन्मभर पाळला. बदलणं, चालवणं, उचलणं, लिहिणं या सगळ्या चालू राहणाऱ्या क्रिया आहेत, त्या चालू असताना मध्येच काही घडलं असं व्हेनने सांगायचं तर वॉज-आयएनजी हवंच. तुमच्यावरही असाच कुठला तरी नियम लादला गेला असणार, असं वाटतं.

त्या कचेरीबद्दल थोडं बोलू द्या. पॉलिसीच्या अटींत होतं की बिघडलेली गाडी दुरुस्तीआधी चालवली, तर पुढे वाढलेल्या नुकसानीची जबाबदारी मालकाची. साहेबांनी त्या ओळीवर आणि माझ्या ओळीवर एकाच पेन्सिलने खूण केली. मी म्हणालो, साहेब, माझं इंग्रजी चुकलंय, टोइंगची पावती बघा, त्या दोन मुलांना विचारा. उत्तर आलं, ‘तुमच्या सहीनिशी आहे.’ दुरुस्त केलेलं निवेदन दिलं, तर ते पहिल्याशी विसंगत म्हणून फाइलला लावलं. चार खेपा झाल्या. समोरच्या माणसाला मराठी येत होतं, तो माझ्याशी मराठीतच बोलत होता. मला काय म्हणायचं होतं, हे त्याला पुरतं कळलं होतं. याचा राग अजून गेलेला नाही.

तर तुमचं वाक्य असं करा : ‘आय वॉज चेंजिंग द सलाइन ऑफ अनदर पेशंट व्हेन द पेशंट फेल.’ चालू असलेलं काम आधी, अचानक घडलेलं नंतर. मराठीत आपण म्हणतो, ‘मी सलाईन बदलत होते, इतक्यात पेशंट पडला.’ तो ‘इतक्यात’ म्हणजेच इथला व्हेन. ‘दॅट टाइम’ काढून टाका. जेव्हा-तेव्हाची जोडी आपली, इंग्रजीत एकटा व्हेन पुरतो.

व्हाइलबद्दल तुम्ही विचारलंय. तो लांब चालणाऱ्या कामाला जोडा, पडण्याला नाही. ‘व्हाइल आय वॉज चेंजिंग द सलाइन, द पेशंट फेल’ बरोबर, ‘व्हाइल द पेशंट फेल’ नको. दोन्ही कामं लांब असतील, म्हणजे तुम्ही सलाईन बदलत होतात आणि सिस्टर चार्ट भरत होत्या, तर व्हाइल घेऊन दोन्हीकडे वॉज-आयएनजी. काळाची भीती वाटत असेल तर व्हाइल तुम्हाला सांभाळून घेतो, कारण ‘चालू असताना’ हा अर्थ त्याच्या पोटातच आहे. ‘व्हाइल ही स्लेप्ट, आय फिल्ड द चार्ट’ हेही चालतं. मी ‘व्हाइल आय ड्रोव्ह’ लिहिलं असतं तरी वाचलो असतो.

ॲज मात्र रिपोर्टमध्ये टाळा. त्याचा अर्थ ‘असताना’ही होतो आणि ‘कारण’ही. ‘ॲज आय वॉज चेंजिंग द सलाइन, द पेशंट फेल’ हे कोणी ‘तुमच्यामुळे पडला’ असं वाचायला बसलाच तर? हे जरा जास्तच वाटेल, पण मी पोळलेला माणूस आहे.

आणखी एक खड्डा आपल्या ‘-ताना’चा आहे. ‘पलंगावरून उतरताना चादर घसरली’ म्हटलं तर आपल्याला कळतं की उतरत पेशंट होता. इंग्रजीत ‘व्हाइल गेटिंग डाउन फ्रॉम द बेड, द बेडशीट स्लिप्ड’ लिहिलंत तर चादरच पलंगावरून उतरत होती असं होतं. व्हाइलनंतर थेट आयएनजी आलं की ते काम करणारा, स्वल्पविरामानंतर जो येतो तोच समजला जातो. म्हणून माणूस लिहा : ‘व्हाइल द पेशंट वॉज गेटिंग डाउन, द बेडशीट स्लिप्ड.’ आणि ड्युरिंगपुढे फक्त नाम, ‘ड्युरिंग द राउंड’. ‘ड्युरिंग आय वॉज’ कधीच नाही.

जमलं तर वेळा घाला, २:४० ला सलाईन लावायला घेतली, २:४२ ला आवाज आला. आकड्यांना काळ लागत नाही. आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स, त्यावर पोच. तुमच्या रुग्णालयात दुरुस्त रिपोर्ट कसा चढवतात ते नियम मला माहीत नाहीत, युनियनच्या कोणाला तरी विचारा. पण पहिला कागद मागे न घेता दुसरा देऊ नका, एवढं मी माझ्या फाइलवरून सांगतो. (विषय निघालाय म्हणून : ज्यांची गाडी आहे त्यांनी पावसाआधी पॉलिसीत इंजिनचं वेगळं कव्हर आहे का ते बघा.)

तुमच्या रिपोर्टची उरलेली वाक्यं पेशंटचं नाव आणि खाट नंबर काढून इथे टाका. डबे धुऊन झाले की रात्री दहानंतर बसतो, एकेक बघू.