मुशीची भीती आणि ग्रांद बेटाचं पाणी

प्रश्न : डिसेंबरात घरचे सगळे ग्रांद बेटाला स्कूबासाठी जाणार आहेत. मला पोहता येतं. पण समोर शार्क (मुशी) आला तर, या विचारानंच पोटात गोळा येतो. काय करावं?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : पाण्याखाली माणूस घाबरतो तो बहुधा शार्कला नव्हे, मास्कमध्ये पाणी शिरलं किंवा श्वास पुरेना म्हणून. त्यात गोव्याचं पाणी हिरवट. चार-पाच मीटरपर्यंतचं दिसलं तर दिवस चांगला म्हणायचा, आणि त्यापलीकडे मन हवं ते उभं करतं. डिसेंबर त्या मानानं बरा. वारा पडलेली सकाळ बघा. पण थेट बोटीवर चढू नका, आधी स्विमिंग पूलमध्ये सराव मागून घ्या.

कमरेएवढ्या पाण्यात गुडघे टेकून मास्क अर्धा भरू द्या. मग मास्कची वरची कड कपाळाशी दाबा, मान जरा वर करा आणि नाकानं श्वास सोडा. पाणी खालून निघून जातं. ठसका लागतो तो नाकानं श्वास ओढला की. न धडपडता लागोपाठ तीनदा जमलं, की अर्धी भीती गेली समजा.

दुसरी गोष्ट हवेची. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाब असेल, तर ५० बार राखून १६५० लिटर हवा वापरता येते. १० मीटर खोलीवर भोवतालचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, म्हणून शांत माणसालाही मिनिटाला सुमारे ४० लिटर लागते. म्हणजे ४० मिनिटं. धापा टाकल्या तर जेमतेम २०. चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा, आणि श्वास कधीच कोंडू नका : वर येताना फुप्फुसातली हवा फुगते, इजा होते ती त्यानं.

आता मुशीकडे. ग्रांदच्या खडकांत दिसलाच तर बहुधा बांबू शार्क, जेमतेम हातभर, कपारीत पडलेला. टॉर्च डोळ्यांवर न मारता बाजूला धरा आणि डोक्यामागच्या पाच चिरा बघा. तोंडानं ओढलेलं पाणी तो तिथून बाहेर टाकतो, जागचा न हलता. शार्क थांबला की मरतो, हे त्याला लागू नाही. शेपटीला हात लावू नका, कपारीचं तोंड अडवू नका. बाजारातली मोरी म्हणजे लहान शार्कच. तिचं आंबट-तिखट कालवण, म्हणजे अंबोटिक, खाणाऱ्यांनी शार्कला घाबरावं, हे जरा उलटंच!

पुढे लक्षद्वीप-अंदमानला प्रवाळाभोवती फिरणारे रीफ शार्क भेटतील. तेव्हा पाय झाडत वर पळू नका. जोडीदाराजवळ या, हात अंगाशी घ्या, नजर त्याच्यावर ठेवा. ग्रे रीफ शार्क पाठ वाकवून, छातीचे पर खाली दाबून आखडल्यासारखा पोहू लागला, तर तो इशारा असतो. तोंड त्याच्याकडेच ठेवून सावकाश मागे सरका. चकचकीत दागिने बोटीवरच ठेवा. चारा टाकून शार्क जमवणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : पाळीच्या दिवसांत शार्क जवळ येतात का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : त्यामुळे धोका वाढतो, असा पुरावा नाही, अनेक जणी त्या दिवसांतही डाइव्ह करतात. पॅड मात्र पाण्यात फुगतं, टॅम्पॉन किंवा कप वापरा. पोटात फार दुखत असेल, तर त्या दिवशी बोटीवर बसा.