गांजा कायदेशीर करावा का? भांग चालते, मग गांजा का नाही?

दुसरा प्रश्न सोपा आहे, तो आधी उरकतो. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या केंद्रीय कायद्यानुसार, गांजा म्हणजे झाडाचे फुला-फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत, आणि भांग होते पानांची. पण म्हणून महाराष्ट्रात ती मोकळी आहे असं समजू नका. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, त्यात परवान्याशिवाय भांगही बसत नाही. आणि ‘शंकराचा प्रसाद’ हा मुद्दा तेवढा नको. शंकराला धोत्राही वाहतात, म्हणून कोणी तो खात नाही.

आता पहिला. मी फौजदारी वकिली करतो, एनडीपीएसच्या केसेस नेहमी येतात. माझं मत असं: विक्रीवरची बंदी राहू दे, पण ओढणाऱ्याला आरोपी करणं थांबवा.

ओढणाऱ्यासाठी कलम २७ आहे. गांजाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाचायला किरकोळ वाटतं. व्यवहारात काय होतं, तर कॉलेजचं पोरगं सिगारेटमध्ये भरून ओढताना सापडतं, मेडिकल होतं, घरचे हादरतात आणि कोणीतरी सल्ला देतं, “कबूल कर, दंड भर, मोकळा हो.” ते कबूल करतं. पुढे नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ही शिक्षा वर येते, तेव्हा बाप फाइल घेऊन माझ्याकडे येतो. दंड भरणं म्हणजे दोषी ठरणं, हे त्या दिवशी त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

दुसऱ्या टोकाला शेतकरी. शिरपूरकडे तुरीत-कपाशीत गांजाची झाडं सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. अशा छाप्यात झाडं मुळासकट उपटतात, गोण्यांत भरतात आणि काट्यावर ठेवतात. ओला दांडा, मुळं, पानं, मुळांना चिकटलेली माती, सगळ्याचं मिळून एकच वजन पंचनाम्यात येतं. आकडा २० किलोच्या वर गेला की ते ‘व्यापारी प्रमाण’. मग शिक्षा १० ते २० वर्षं, आणि जामिनाच्या वाटेत कलम ३७: आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, याची आधी कोर्टाला खात्री पटवायची. २० किलोच्या आत असता तर किमान जामिनासाठी नीट भांडता आलं असतं. म्हणून आमचा सगळा युक्तिवाद त्या गोणीत शेंडे किती होते यावर चालतो. कोर्टांनी या मुद्द्यावर जामीन दिलेलेही आहेत, पण तोवर माणूस आतच. शेत एकाच्या नावावर, कसणारा दुसरा, माल उचलणारा तिसरा. हाती लागतो तो कसणारा.

मग सरसकट उघडं करा म्हणणाऱ्यांशी माझं का पटत नाही? थायलंड बघा. २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, नियम मागाहून करू म्हणाले, गल्लोगल्ली दुकानं झाली, आणि २०२५ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. कोवळ्या वयात नियमित ओढणाऱ्यांना मानसिक आजाराचा धोका वाढतो, हेही खोटं नाही. पोर्तुगालने २००१ पासून वेगळं केलं. विक्री गुन्हाच ठेवली, पण दहा दिवस पुरेल एवढा माल सापडला तर माणूस कोर्टाऐवजी समितीपुढे जातो. तिथे कायदा, आरोग्य आणि समाजसेवा या क्षेत्रांतली माणसं बसतात. आपल्याला हेच जमण्यासारखं आहे.

कारण आपल्या कायद्यात त्याचं बी आहेच. कलम ६४अ प्रमाणे कलम २७ चा किंवा अल्प प्रमाणाचा (गांजा १ किलोपेक्षा कमी) आरोपी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. गंमत अशी की ही सवलत फक्त ‘व्यसनी’ माणसाला. महिन्यातून एकदा मित्रांत बसून ओढणाऱ्याला ती नाही! म्हणजे जास्त बिघडलेल्याला दवाखाना आणि कमी बिघडलेल्याला कोर्ट.

तुमच्या प्रश्नाच्या खाली लिहिलंय की मित्रावर अशी केस झाली आहे. तारखेला उभं राहून ‘कबूल’ म्हणण्याआधी त्याला वकिलाला भेटायला सांगा. सी.ए. रिपोर्ट (जप्त मालाच्या रासायनिक तपासणीचा अहवाल) आला आहे का, मेडिकलमध्ये नक्की काय लिहिलंय आणि ६४अ लागू होतं का, एवढं आधी बघून घ्या.